पाइप तोच, नळ परका: परदेशात बागेचा पाइप नळाला बसत नसेल तर काय करायचं

इंदूरहून लेकीकडे न्यू जर्सीला निघालो तेव्हा आमच्या बॅगेत सेव, गोडा मसाला आणि हिच्या मेथीच्या बियांच्या मधोमध एक पितळी नोजल नि पाऊण इंची अ‍ॅडाप्टर कोंबलेला होता. लेक फोनवर म्हणाली होती की मागच्या अंगणातला पाइप सारखा गळतो. मी म्हटलं त्यात काय, सियागंजकडच्या हार्डवेअरवाल्याकडून आणतो, पाऊण इंच म्हणजे पाऊण इंच, इंदूर काय नि अमेरिका काय. पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी झोप लागेना म्हणून पहाटेच उठून अंगणात गेलो, अ‍ॅडाप्टर फिरवला, एक आटा गेला, दुसऱ्याला अडकला, मग जावयाच्या डब्यातला पाना घेऊन जोर लावला आणि नळाच्या तोंडाचा पहिला आटा वाकडा करून बसलो. जावई काही बोलला नाही, तेच जास्त लागलं.

त्यानंतर सहा महिने दुसरा उद्योग नव्हता, त्यामुळे हा विषय नीट शिकलो. आता आमच्या लोकमान्य नगरात ज्यांची मुलं बाहेर आहेत ते कोणी ना कोणी विचारतातच, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढतोय. मुलांना पाठवा, किंवा स्वतः जाणार असाल तर जायच्या आधी वाचा.

आधी एक शब्द. आपला इंदूरचा प्लंबर ज्याला चूडी म्हणतो, पुण्याकडचा आटे म्हणतो आणि परदेशातला दुकानदार थ्रेड म्हणतो, ते सगळं एकच. सगळं भांडण ह्या आट्यांचं आहे, पाइपचं नाहीच. पाइपची आतली रुंदी सगळीकडे जवळपास तीच, अर्धा इंची म्हणजे 12–13 मिमी, पाऊण इंची म्हणजे 19 मिमी, अमेरिकेत मधला एक 5/8 इंची म्हणजे साधारण 16 मिमीचा जास्त चालतो. टोकाला जे पितळेचं नाहीतर प्लास्टिकचं तोंड असतं ते देशागणिक बदलतं. म्हणून पाइप टाकून देऊ नका, तोंड बदला.

इथे चालतं ते तिथे का नाही

आपल्याकडे काय करतो, नोजलवाल्या नळावर पाइप खोचतो, फार तर क्लिप लावतो, क्लिप नसेल तर तार नाहीतर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळतो, आणि ते वर्षानुवर्षं चालतं. कारण पाणी गच्चीवरच्या टाकीतून येतं. दहा मीटर उंचीवरचं पाणी साधारण एक बार दाब देतं, म्हणजे दुमजली घराची टाकी अंगणातल्या नळाला अर्धा-पाऊण बारच देणार. अमेरिकेत घरातल्या पाण्याचा दाब बहुतेक 40 ते 80 पीएसआय असतो, म्हणजे पावणेतीन ते साडेपाच बार. आपला खोचलेला पाइप तिथे नळ उघडल्या उघडल्या सापासारखा फणा काढून निसटतो, आणि नोजल बंद केलं तर हमखास निसटतो, कारण मग सगळा दाब त्या जोडावरच येतो. माझे बूट, चष्मा, शेजारणीचं कुत्रं, सगळं भिजवून हे शिकलोय. त्यामुळे तिथे आट्यांचा जोडच लागतो, तारेचा जुगाड विसरा.

नळाकडे नीट बघा

दुकानात जायच्या आधी नळापाशी पाच मिनिटं बसा. जुन्या टूथब्रशने आणि थोड्या व्हिनेगरने तोंडावरचा क्षार घासून काढा, नाहीतर आटे मोजताच येत नाहीत. आटे बाहेरून आहेत की आतून ते बघा. बाहेरून असतील तर नळ मेल, आतून असतील तर फिमेल. बागेचे नळ जवळपास सगळे मेल असतात.

अमेरिकेत नळाच्या तोंडावर बरेचदा एक पितळेची टोपीसारखी वस्तू आधीच बसवलेली असते, तिला व्हॅक्यूम ब्रेकर म्हणतात. बागेतलं घाण पाणी उलटं ओढलं जाऊन पिण्याच्या लाइनीत जाऊ नये म्हणून ती असते. हे नळाचंच तोंड समजून मी ते उपटायला निघालो होतो, तसं करू नका, त्यातला एक बारीक स्क्रू मुद्दाम डोकं मोडून बसवलेला असतो म्हणजे ती सहज निघू नये, आणि जोर लावला तर नळाचे आटे जातात. तिच्या खालच्या तोंडाला बागेच्या पाइपचेच आटे असतात, पाइप तिथेच लावायचा. इंग्लंडमध्ये हेच काम डबल चेक व्हॉल्व्ह करतो. भाड्याचं घर असेल तर ह्या भागाला हात लावायच्या आधी घरमालकाला विचारलेलं बरं.

आता माप, आणि इथेच सगळे फसतात

फूटपट्टी लावली की नळाचं तोंड बाहेरून 26–27 मिमी भरतं. माणूस म्हणतो हा तर एक इंच झाला, आणि एक इंची तोंड घेऊन येतो. चूक! पाऊण इंच हे नाव जुन्या लोखंडी पाइपच्या आतल्या मापावरून पडलंय, आट्यांचा बाहेरचा व्यास त्याहून पुष्कळ मोठा असतो. ब्रिटिश पद्धतीत, म्हणजे बीएसपीमध्ये, अर्धा इंच बाहेरून साधारण 21 मिमी, पाऊण इंच साधारण 26.4 मिमी आणि एक इंच 33.2 मिमी भरतं. हे तीन आकडे मोबाइलमध्ये टिपून ठेवा, निम्मं काम झालं.

अमेरिका आणि कॅनडात बागेच्या पाइपचा आटा वेगळाच, त्याला गार्डन होज थ्रेड किंवा जीएचटी म्हणतात, तोही पाऊण इंचच, पण बाहेरून 27 मिमी. फरक किती, तर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. म्हणूनच तो बसल्यासारखा वाटतो आणि आपण पाना काढतो. खरा घोळ व्यासाचा नाही, आट्यांमधल्या अंतराचा आहे. बीएसपी पाऊण इंचाला एका इंचात 14 आटे असतात, अमेरिकन जीएचटीला साडेअकरा. त्यात बीएसपीच्या आट्याचा कोन 55 अंश आणि अमेरिकनचा 60, म्हणजे दात दातात बसतच नाहीत, एक-दीड फेरी जातात मग एकमेकांवर चढतात.

मोजायची माझी पद्धत सांगतो. पहिल्या आट्याच्या टोकापासून पाचव्या आट्याच्या टोकापर्यंत, म्हणजे मधली चार अंतरं, मिलिमीटरच्या पट्टीने मोजायची. 7 मिमीच्या जरा वर भरलं तर बीएसपी, 9 मिमीला जरासं कमी भरलं तर अमेरिकन. पट्टी नळाला नीट टेकत नसेल तर पोळ्यांच्या कणकेचा घट्ट गोळा घ्या, नळ पुसून कोरडा करून त्याला तेलाचं बोट लावा आणि गोळा आट्यांवर दाबा, ठसा उठतो तो ओट्यावर आरामात मोजा. ही हसली होती, पण ठसा तिच्याच कणकेचा उठला. आणि व्यासासाठी खिशात आपलं दहा रुपयांचं नाणं ठेवा, ते बरोबर 27 मिमीचं असतं (आपल्याकडे काही दुकानदार ते घ्यायला कां-कू करतात, तिथे निदान मापाला तरी कामी येईल). नाणं नळाच्या तोंडाएवढंच दिसलं की नळ पाऊण इंची, मग बीएसपी की अमेरिकन हे आटे मोजून ठरवा. तोंड नाण्यापेक्षा बरंच मोठं असेल तर एक इंची, बरंच लहान असेल तर अर्धा इंची.

अजून एक खड्डा. नळावर कोरलेलं नाहीतर पॅकेटवर छापलेलं माप बरेचदा भिंतीकडच्या बाजूचं असतं. जर्मनीतल्या माझ्या पुतण्याने नळावर 1/2 वाचलं आणि अर्धा इंची कनेक्टर आणला, जो पाण्याच्या तोंडाला चुकूनही बसेना, कारण तो नळ भिंतीत अर्धा इंची होता आणि तोंडाला पाऊण इंची. बागेच्या नळात हे अगदी नेहमीचं आहे, म्हणून लिहिलेलं वाचू नका, मोजा.

कुठल्या देशात काय सापडेल

इंग्लंड, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, सगळीकडे बीएसपी, बागेच्या नळाला बहुतेक पाऊण इंच, ऑस्ट्रेलियात काही नळ एक इंची पण. दुबई-मस्कतकडेही बहुतेक बीएसपीच. आपल्याकडे बीएसपी का, तर इंग्रजांची देणगी, व्हिटवर्थ नावाच्या इंग्रज इंजिनियरने 1841 मध्ये आट्यांचं जे माप ठरवलं त्याचीच ही वंशावळ. अमेरिकेने 1864 नंतर स्वतःचा 60 अंशांचा आटा धरला. आणि त्यांची आपसात तरी एकवाक्यता होती म्हणाल तर तीही नव्हती, 1904 मध्ये बाल्टिमोरला मोठी आग लागली तेव्हा दुसऱ्या शहरांतून धावून आलेल्या बंबांचे पाइप तिथल्या हायड्रंटला बसेनात आणि दीड हजाराच्या वर इमारती जळाल्या. तेव्हा आपला पाइप बसला नाही म्हणून फार वाईट वाटून घेऊ नका.

जर्मनी आणि आसपास बीएसपीचाच मापाचा आटा, फक्त तिथे त्याला जी म्हणतात, आणि पॅकेटवर मिमी लिहिलेले असतात, म्हणून ते सगळ्यात सोपं: जी 1/2 म्हणजे 21, जी 3/4 म्हणजे 26.5, जी 1 म्हणजे 33.3. गार्डेना कंपनीच्या असतात तशा टिचकी-कनेक्टरचं, म्हणजे न फिरवता नुसतं दाबून अडकवायच्या जोडाचं, नळाकडचं तोंड त्या मापाचं घ्यायचं, मग पुढचं सगळं टक्कन बसतं. इंग्लंडमध्ये हॉझलॉक कंपनीचे असेच मिळतात आणि ते गार्डेनाच्या तोंडात बहुतेक बसतात. जर्मनीत पितळेची दोन नखांची जेका कपलिंगही दिसते, दोन्ही बाजू सारख्याच, फिरवून अडकवायची, नखांमधलं अंतर 40 मिमी. ती दिसली तर दुसरी पण जेकाच लागणार.

अमेरिकेत मात्र टिचकी-कनेक्टर कंपनीकंपनीचे वेगवेगळे असतात, एका कंपनीची मेल बाजू दुसरीच्या फिमेलमध्ये जाईलच असं नाही. एकाच कंपनीचा पूर्ण सेट घ्या.

अ‍ॅडाप्टर मागताना

नळ मेल असेल तर अ‍ॅडाप्टरची एक बाजू फिमेल आणि नळाच्या आट्याची हवी, दुसरी बाजू पाइपच्या तोंडाच्या आट्याची. म्हणजे अमेरिकन पाइप घेऊन इंग्लंडला गेलात (बदली झाली की लोक कंटेनरमध्ये खरंच पाइप नेतात) तर मागायचं: एकीकडे पाऊण इंच बीएसपी फिमेल, दुसरीकडे पाऊण इंच जीएचटी मेल. उलटं असेल तर उलटं. अमेरिकन पॅकेटवर एमएचटी लिहिलं असेल तर मेल होज थ्रेड, एफएचटी म्हणजे फिमेल. आणि त्याच फळीवर एनपीटी लिहिलेलं पाऊण इंची सामान लागूनच टांगलेलं असतं, ते लोखंडी पाइपचं, निमुळत्या आट्याचं, बागेच्या पाइपला चालत नाही. तिघांचंही नाव पाऊण इंच आणि तिघेही वेगळे!

पण खरं सांगू, अ‍ॅडाप्टर शोधत बसण्यापेक्षा पाइपचं तोंड कापून टाकणं मला जास्त पटतं. धारदार सुरीने तोंडापासून दोन बोटं सरळ कापा, टोक मिनिटभर गरम पाण्यात धरा म्हणजे मऊ होतं, त्या देशातल्या दुकानातलं पाइपच्या आतल्या मापाचं दुरुस्ती-तोंड आत खोचा आणि क्लिप आवळा. एकच जोड राहतो, गळायची जागा एकाने कमी. अ‍ॅडाप्टरवर अ‍ॅडाप्टर चढवला की नळावर लांब मनोरा होतो, आणि पाइप ओढला की सगळा भार नळाच्या मानेवर येतो.

बसवताना टेफलॉन नको

हे वाक्य आमच्या प्लंबरला सांगितलं तर तो म्हणतो, "भिया, बिना टेप के पानी रुकेगा कैसे?" त्याचं चुकत नाही, भिंतीतल्या निमुळत्या जोडाला टेपच लागते, तिथे आटेच पाणी अडवतात. पण बागेच्या पाइपच्या जोडात आटे फक्त धरून ठेवतात, पाणी अडवतो तो आतला चपटा रबरी वायसर. टेप गुंडाळली की आटे आधीच घट्ट होतात, आपल्याला वाटतं बसलं, आणि वायसर तोंडाला टेकलेलाच नसतो, मग टेपमधून पाणी वाट काढतं. लेकीकडे पाइप गळायचं कारण शेवटी एवढंच निघालं, वायसर कडक होऊन चिरला होता आणि त्यावर जावयाने अर्धा रीळ टेप गुंडाळली होती. नवीन वायसर टाकला, काम खलास. माझा अ‍ॅडाप्टर न लावताच.

तर जुना वायसर स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने काढा, आतली खाच पुसा, नवा सपाट बसवा, तोंड आधी उलटं फिरवा म्हणजे आटे एकदा टक्कन खाली बसल्याचं जाणवतं, मग सुलटं फिरवा. हाताने जेवढं घट्ट होईल तेवढं पुरतं. दोन फेऱ्यांत अडकलं तर थांबा, आटा चुकलाय किंवा वेगळ्या जातीचा आहे. माझा वाकडा झालेला आटा बारीक तिकोनी कानशीने घासून घासून सरळ केला, पण प्लास्टिकचं तोंड असतं तर गेलंच होतं.

तरी गळतंय, मग कुठून?

टिश्यू पेपर घेऊन एकेक जागा पुसत बघा, पहिला कुठे भिजतो ते. तोंडाच्या कडेनं ठिबकत असेल तर वायसर, किंवा चुकीचा आटा. नळ उघडल्यावर मुठीच्या दांडीपाशी पाणी येत असेल तर पाइपचा दोषच नाही, मुठीखालचा ग्लँडचा नट अगदी किंचित आवळा, फेरीचा आठवा भाग, मूठ जड व्हायला नको. व्हॅक्यूम ब्रेकरमधून नळ बंद करताना थोडं पाणी भस्सकन सांडलं तर ते त्याचं कामच आहे, पण नळ चालू असताना सारखं गळलं तर तो बदलायचा. टिचकी-कनेक्टर गळत असेल तर आतली काळी गोल रिंग, ओ-रिंग म्हणतात ती, वाळूचा कण अडकला असेल तर धुवा, चपटी झाली असेल तर बदला. पाइप क्लिपपाशी गळत असेल तर क्लिप अजून आवळू नका, दोन बोटं कापून नव्या टोकावर बसवा.

आणि पाइपचं तोंड नळाला कायमचं चिकटलं असेल तर बहुधा ते अ‍ॅल्युमिनियमचं आणि नळ पितळेचा. दोन धातू आणि मध्ये पाणी, अ‍ॅल्युमिनियम खातं, पांढरी भुकटी होते आणि जाम बसतं. गंज सोडवायचं तेल मारून रात्रभर ठेवा, मग दोन पाने घ्या, एकाने नळ धरून ठेवायचा आणि दुसऱ्याने तोंड फिरवायचं. नळ न धरता जोर लावलात तर भिंतीच्या आतला पाइप पिळतो आणि ते बिल फार मोठं येतं. अगदीच हलेना तर तोंडावर हॅकसॉने तिरका छेद द्यायचा, आट्यांपर्यंत न जाता, आणि स्क्रूड्रायव्हर घालून फाकवायचं. पुढच्या वेळी पितळी तोंडाचाच पाइप घ्या, जरा महाग असला तरी.

थंडी

हे इंदूरच्या माणसाच्या डोक्यात येतच नाही. जिथे पाणी गोठतं तिथे थंडीच्या आधी पाइप नळापासून काढायचाच, नळ फ्रॉस्ट-फ्री असला तरी. त्या नळाचा खरा व्हॉल्व्ह भिंतीच्या आत वीतभर लांब असतो, बंद केल्यावर पुढचं पाणी निथळून जातं म्हणून तो गोठत नाही, पण पाइप लावलेलाच राहिला तर पाणी निथळत नाही, आत गोठतं, नळी फुटते, आणि कळतं कधी तर वसंतात पहिल्यांदा नळ उघडल्यावर तळघरात पाणी आलं की. साधा नळ असेल तर आतून त्याची लाइन बंद करून बाहेरचा नळ उघडा ठेवायचा.

अंगणच नसेल तर

फ्लॅटच्या बाल्कनीत चार कुंड्या असतील तर स्वयंपाकघरातल्या नळाची जाळी काढून तिथे अ‍ॅडाप्टर लावता येतो. युरोपात आणि आपल्याकडच्या बऱ्याच नळांना बाहेरून आटे असतील तर एम 22, म्हणजे 22 मिमीचा आटा, आतून असतील तर एम 24, म्हणजे 24 मिमीचा. अमेरिकेत आतून असतील तर 15/16 इंच, म्हणजे 23.8 मिमी, परत तेच, बसल्यासारखं वाटतं आणि बसत नाही. वॉशिंग मशीनचा नळ त्याहून सोपा, अमेरिकेत त्याला बागेच्या पाइपचाच जीएचटी आटा असतो, बाकी जगात पाऊण इंच बीएसपी.

ह्याच गोष्टीचा इंदूरला फायदा झाला. परत येताना लेकीने हौसेने आठ तऱ्हेच्या फवाऱ्यांचं अमेरिकन नोजल दिलं, ते इथल्या कुठल्याच नळाला बसेना, ढिलं डुगडुगायचं. पुतण्याने जर्मनीहून आणलेला 26.5 वाला कनेक्टर मात्र गच्चीवरच्या वॉशिंग मशीनच्या नळावर पहिल्या फेरीत बसला, मग नोजलही त्याच जातीचं घेतलं. पण टाकी डोक्यावर जेमतेम मीटरभर, दाब तो किती, आठांपैकी सहा फवारे नुसते ठिबकतात. ही सरळ झारी उचलते. अमेरिकन नोजल परत लेकीकडे जाणार आहे, पुढच्या वर्षी, सेवेच्या पाकिटांमध्ये.